यादीतली आठवी ओळ

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचा फोटो मिळाला. लेकीच्या जुन्या दुरेघी वहीचं जोडपान, उजवीकडे फायदे अकरा, डावीकडे तोटे नऊ. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "आकड्यानं बघितलं तर जायला पाहिजे, पण हात पुढं होत नाही. काय करू?"

इतर वाचकांसाठी तुमची परिस्थिती थोडक्यात सांगते. तुम्ही सांगलीत विश्रामबागला स्वतःच्या घरात राहता. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहेत, हातात ५२ हजार येतात. तुम्ही मिरजेच्या एका खासगी हॉस्पिटलात बारा वर्षं स्टाफ नर्स आहात, २४ हजारांवर. मिस्टरांना बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यातून ८८ हजारांची ऑफर आलीय, १ एप्रिलला हजर व्हायचं आहे. मुलगी पाचवीत, सेमी इंग्रजीला. मुलगा मोठ्या गटात. सासूबाई एकाहत्तरच्या, शुगर आणि बीपी दोन्ही. त्या म्हणतात, "तुम्ही जावा, मी राहते." आणि मिस्टर म्हणतात, "नाहीतर मी एकटाच जातो वर्षभर, मग बघू."

फोटो मोठा करून मी ती यादी दोनदा वाचली. तोट्यांच्या बाजूला आठव्या ओळीत, बाकीच्यापेक्षा बारीक अक्षरात लिहिलंय: "माझी नोकरी सोडावी लागेल." तिच्या वरच्या ओळीत आहे, "आंबे, हुरडा, सणवार चुकणार." बारा वर्षांची नोकरी हुरड्याच्याही खाली गेली, ताई. मला सगळ्यात आधी त्या ओळीबद्दल बोलायचंय, कारण तुमचा अख्खा हिशेब तिच्यावर उभा आहे.

मांडून बघू. आज घरात ७६ हजार येतात आणि भाडं शून्य. सगळे बेंगळुरूला गेलात आणि तुम्ही घरी बसलात, तर ८८ हजार येतील. त्यातून तुमच्या मित्राने सांगितलेलं २२ हजार भाडं गेलं की उरले ६६. म्हणजे महिन्याला दहा हजारांनी तुम्ही मागे आलात. वर शाळेची फी, सांगलीला येण्याजाण्याचा खर्च आणि सुरुवातीला घरमालकाच्या हातात ठेवायचे दीड लाख. फायद्यांच्या यादीत पहिल्या ओळीत "पगार ३६ हजारांनी वाढणार" लिहिलंय. ती वाढ मिस्टरांच्या पगाराची आहे. घराची नाही. तुम्हाला तिथे काम मिळालं तरच घर आजच्यापेक्षा पुढे जातं.

तेव्हा बेंगळुरूला जाणं परवडतं की नाही, हे मिस्टरांच्या ऑफर लेटरवर ठरत नाही, तुमच्या नर्सिंगच्या नोंदणीवर ठरतं. तुमची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आहे. कर्नाटकात रीतसर काम करायचं तर कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागेल, आणि त्यासाठी इथल्या कौन्सिलचं ना-हरकत आणि पडताळणी लागते. दोन कार्यालयांमधला कागदाचा प्रवास आहे, त्याला वेळ लागतो. राजीनामा देऊन, सामान हलवून मग तिथे बसून हा अर्ज करू नका. आजच, नोकरीत असतानाच करा. हॉस्पिटलकडून अनुभवाचा दाखला लेटरहेडवर, वॉर्डांच्या नावांसकट घ्या. आयसीयूत किती वर्षं काढली ते त्यात स्पष्ट लिहून घ्या, कारण तुमचा पगार त्याच ओळीवर ठरणार आहे. पीएफ काढू नका. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा नंबर, तोच राहतो, खातं नव्या नोकरीत वळवता येतं.

तुमच्याजवळ एक गोष्ट आहे जी तुम्ही यादीत कुठेच लिहिली नाही. पत्रात मात्र सहज बोलून गेलात: अथणी, चिकोडी, रायबागकडचे पेशंट मिरजेला येतात, आणि त्यांना "एल्लि नोवु?" विचारण्याइतकं कन्नड तुम्हाला येतं. पुण्यामुंबईहून बेंगळुरूला जाणाऱ्या नर्सला हे येत नसतं. तिकडचं कन्नड थोडं वेगळं वाटेल, अथणीचा हेल तिथे ओळखू येईल, लोक हसतीलही. पण "कुठं दुखतंय" हे रुग्णाच्या भाषेत विचारता येणारी बाई वॉर्डात लागतेच. हे फायद्यांच्या पानावर लिहा, मोठ्या अक्षरात.

आता मुलीचं. तुम्ही लिहिलंय की तिला डॉक्टर करायची इच्छा आहे (तिची की तुमची, हे पत्रात नीट कळत नाही, असो, अकरा वर्षांची आहे ती). शाळेबद्दल तुमच्या यादीत दोनच शब्द आहेत, "शाळा बदलणार." खरा पेच त्याच्या खूप आत आहे आणि तो बहुतेकांना बारावीनंतर कळतो, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडे मेडिकलच्या राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी साधारण अट अशी की मुलाने दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेली हवी आणि अधिवासाचा दाखला हवा. कर्नाटकात सर्वसाधारण अट अशी की पहिली ते बारावीच्या दरम्यान निदान सात पूर्ण शैक्षणिक वर्षं तिथे शिकलेलं हवं आणि दहावी किंवा बारावीची परीक्षा तिथून पास झालेलं हवं. आता बोटं मोजा. तुमची मुलगी या जूनमध्ये तिथे सहावीला बसली, तर सहावी ते बारावी बरोबर सात वर्षं होतात. एक वर्ष थांबून सातवीला गेली, तर सहाच. मग दहावी-बारावी कर्नाटकातून केल्यामुळे महाराष्ट्राचा कोटा गेलेला, आणि एका वर्षाने कर्नाटकचाही हुकलेला. सर्वसाधारण अटीखेरीज पालकांच्या शिक्षणावर, नोकरीवर आधारलेली काही पोटकलमं दोन्हीकडे असतात, आणि माहितीपुस्तिका दर वर्षी निघते, ती वाचायचीच. पण पोटकलमावर मुलीचं भवितव्य टांगून ठेवू नका.

इंजिनिअरिंगला आपल्याकडे थोडी मोकळीक आहे. मुलगी बाहेरून बारावी झाली तरी आई किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास असेल, तर तिला राज्याची उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. मेडिकलला हे चालत नाही. म्हणून निघण्यापूर्वी तुम्ही दोघं आणि मुलगी, तिघांचेही अधिवासाचे दाखले काढून फाइलला लावा. नंतर सुट्टीत येऊन सेतू केंद्रात रांग लावण्यात काही अर्थ नाही.

याचा दुसरा अर्थही बघा, कारण त्यात तुमच्यासाठी दिलासा आहे. या जूनला गेलात आणि दोन-अडीच वर्षांत जमलं नाही, तर आठवीअखेर मुलीला घेऊन परत येता येईल. नववी, दहावी, बारावी इथे झाली की महाराष्ट्राचं दार उघडंच. म्हणजे या जूनला गेल्याने दोन्ही राज्यांची दारं आठवीपर्यंत उघडी राहतात. "एक वर्ष बघू आणि मग सगळे जाऊ" या वाटेने गेलात, तर मात्र एक दार तुम्ही स्वतःच लावून घेता. मिस्टरांना हे हिशेबासकट दाखवा. त्यांनी "वर्षभर बघू" म्हटलं ते काळजीपोटी म्हटलं असणार, पण या वर्षाची किंमत त्यांना माहीत नाही.

सेमी इंग्रजी हा प्रकार तिथे नाही. गणित-विज्ञान इंग्रजीतून तिला सवयीचं आहे, पण इतिहास-भूगोलही इंग्रजीतून येईल आणि जोडीला कन्नड. २०१५ च्या कायद्याने तिथल्या शाळांना, केंद्रीय बोर्डाच्या शाळांनाही, कन्नड शिकवणं बंधनकारक केलंय. आपणही २०२० मध्ये मराठीचा असाच कायदा केला. सहावीत आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुलीला शाळा कशी सांभाळून घेते, हे प्रवेशाच्या आधी मुख्याध्यापकांना समोरासमोर विचारा. लिपी वेगळी दिसली तरी वर्णमाला आपलीच आहे, अ-आ-इ-ई, क-ख-ग-घ त्याच क्रमाने. ए आणि ओ मात्र ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन. आणि आपला ळ तिथेही आहे. एप्रिल-मेच्या सुट्टीत रोज अर्धा तास दिलात तर शाळा सुरू होईपर्यंत ती पाट्या वाचायला लागेल. तिथल्या बहुतेक शाळा आपल्यापेक्षा दोन आठवडे आधी उघडतात, हेही ध्यानात ठेवा.

तुम्ही ओबीसी दाखल्याचं विचारलंय. तो महाराष्ट्रात आणि केंद्राच्या जागांसाठी, केंद्राच्या यादीत तुमची जात असेल तर, चालत राहील. कर्नाटक राज्याच्या आरक्षणात मात्र त्याचा उपयोग होणार नाही, जात तिथल्या यादीत त्याच नावाने असली तरीही. मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरून १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अनुसूचित जाती-जमातींबाबत स्पष्ट केलं. तो मुलगा नऊ वर्षांचा असताना आंध्रातून वडिलांबरोबर मुंबईला आला होता, तरी त्याला महाराष्ट्रात जमातीचा लाभ मिळाला नाही. ओबीसींनाही तेच तत्त्व लागतं. म्हणजे कर्नाटकात मुलगी खुल्या गटात मोजली जाईल. हे डावीकडच्या पानावर दहावं लिहा. जड आहे ते.

आता "मी एकटाच जातो"बद्दल. पैशाच्या हिशेबाने हीच वाट सगळ्यात फायद्याची आहे, ते मी लपवणार नाही. त्यांचे ८८, तुमचे २४, त्यांच्या पीजीचे आणि जेवणाचे बारा गेले, तरी महिन्याला लाख उरतात. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं एका रात्रीच्या प्रवासात येताजाता येतं. मग मी याच्या विरोधात का?

माझे मिस्टर २००४ मध्ये साताऱ्याहून हैदराबादला एकटे गेले होते. तेव्हाही "वर्षभर बघू" असंच ठरलं होतं. चौदा महिने झाले. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, तुमच्या मुलाच्याच वयाचा. एका शनिवारी सकाळी हे बॅग घेऊन दारात आले, तर तो पळत आत गेला आणि ताटलीवर पेला ठेवून, दोन्ही हातांनी धरून, न सांडता पाणी घेऊन आला. पाहुण्याला देतात तसं. मी त्याला तसं शिकवलेलं होतं, पाहुण्यांसाठी. यांनी पाणी पिऊन पेला त्या ताटलीवर परत ठेवला आणि कितीतरी वेळ बूटच काढले नाहीत. पुढच्या जूनला आम्ही सगळे हैदराबादला गेलो.

म्हणून माझं मत असं की एकट्यानं जाणं दोन महिन्यांसाठी ठीक आहे. एप्रिल आणि मे. मुलीची पाचवी संपेल, ते तिथे कारखाना कसा आहे, पगार वेळेवर होतो का, शिफ्ट किती ताणतात हे बघतील, आणि तुमचा कौन्सिलचा अर्ज पुढे सरकेल. वर्ष नको.

सासूबाईंचं अवघड आहे. "तुम्ही जावा, मी राहते" हे वाक्य घराघरांत बोललं जातं आणि त्याचे दोन अर्थ निघतात. कधी त्यात खरंच "मला माझ्या घरात राहू द्या" असतं, कधी "मला विचारा तरी" असतं. कोणतं ते मला इथून कळणार नाही, तुम्हालाही दारातून विचारून कळणार नाही. सगळे जेवल्यावर, मिस्टर नसताना, तुम्ही दोघीच बसून विचारा.

आमच्या सासूबाई हैदराबादला आल्या होत्या. पहिले सहा महिने मी त्यांना रोज दुपारी चार वाजता बघायची. खाली भाजीवाल्याची हाक आली की त्या उठायच्या, दारापर्यंत जायच्या आणि थांबायच्या. गॅलरीतून पालक दिसत असायचा, पण भाव विचारता येत नव्हता. मग परत येऊन म्हणायच्या, "आज काही ताजं नव्हतं." आयुष्यभर साताऱ्याच्या मंडईत घासाघीस केलेली बाई ती. शेजारच्या तेलुगू आजींनी त्यांना एकच शब्द शिकवला, "एंत?" म्हणजे केवढ्याला. त्या दिवशी त्यांनी दोन जुड्या जास्त आणल्या. कन्नडमध्ये त्याला "एष्टु?" म्हणतात. न्यायचं ठरलं तर हा शब्द त्यांना सांगलीतच शिकवा. आणि त्यांच्यासाठी घर पहिल्या मजल्यावर, दुकानं पायी अंतरावर असलेल्या गल्लीत बघा, लिफ्ट असली तरी.

त्यांना राहायचंच असेल, तर मिरजेचे डॉक्टर, ओळखीचं मेडिकल, गल्लीतल्या बायका हे सगळं इथेच आहे, आणि ते काही थोडकं नाही. पण मग रात्री सोबतीला कोण, औषधाच्या डब्या आठवड्याला कोण भरणार, आणि रात्री दोनला फोन आला तर पहिला कोण पोचणार, ही तीन नावं लिहून घेतल्याशिवाय निघू नका. "शेजारी आहेत की" हे नाव नव्हे. नणंद कोल्हापूरला आहे म्हणालात. तिच्याशी बोलणं मिस्टरांनी करायचं, तुम्ही नव्हे. हे काम नेहमी सुनेच्या अंगावर येतं आणि पुढे बोलही तिलाच लागतात.

भाषेवरून होणाऱ्या भांडणांच्या बातम्यांनी तुम्ही घाबरलाय. सीमाभागाच्या जवळ राहणाऱ्या माणसाला ती भीती वाटणार. माझा अनुभव एवढाच की बातमीतली माणसं आणि शेजारची माणसं वेगळी असतात. सांगलीत बाहेरून आलेल्या माणसानं दोन वाक्यं मराठीत बोलावीत असं आपल्याला वाटतं ना? त्यांनाही तेच वाटतं, आणि ते बरोबर आहे. "ऊटा आय्ता?" एवढं म्हणा, जेवण झालं का, की समोरचा माणूस मोकळा होतो. अण्णा आणि अक्का तर तुमच्या घरात आधीपासूनच आहेत. मराठी माणसं लागतील तेव्हा गांधीनगरला महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीत मुलांना तिथे जरूर न्या.

घर बघताना दोन गोष्टी. पीण्यावरून मेट्रोची हिरवी मार्गिका यशवंतपूर, राजाजीनगर करत मॅजेस्टिकला जाते. घर त्या मार्गिकेवर घ्या, म्हणजे मिस्टरांचा कारखानाही जवळ आणि तुम्हाला नोकरीसाठी अर्ध्या शहरातली हॉस्पिटलं आवाक्यात. नाइट ड्यूटीच्या बाईला हे किती लागतं ते मी तुम्हाला सांगायला नको. दुसरं, कावेरीचं पाणी नळाला येतं का बोअरवेलचं, हे घरमालकाला न विचारता आधीच्या भाडेकरूला विचारा. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या आणि टँकरच्या पाण्यावर लोकांनी दिवस काढले. डिपॉझिट परत देताना रंगकामाचे किती कापणार, ते करारात आकड्यानं लिहून घ्या. आमच्या एका घरमालकांनी दोन महिन्यांचं भाडं त्या नावावर ठेवून घेतलं होतं आणि आमच्याकडे कागद नव्हता.

गाडीचं थोडक्यात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, तिथला रोड टॅक्स भरायचा आणि इथला उरलेला परत मागायचा. तुमची गाडी नऊ वर्षांची आहे. न्यायच्या भानगडीत पडू नका, सासूबाईंच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी इथेच राहू द्या. मतदारयादीतला पत्ता फॉर्म आठ भरून बदलतो, ते सावकाश झालं तरी चालेल.

तर माझं मत विचारलंत म्हणून सांगते. जा, सगळे जा, या जूनला, पण मेच्या मध्यावर दोन गोष्टी हातात असतील तरच. एक, कर्नाटकच्या कौन्सिलकडे तुमचा अर्ज पोचल्याची पावती आणि निदान दोन हॉस्पिटलांच्या नर्सिंग सुपरिटेंडेंटशी झालेलं बोलणं. मिस्टर एप्रिलमध्ये तिथे असतील, तुम्ही एक शनिवार-रविवार जोडून जाऊन या. दोन, सासूबाईंबद्दलची ती तीन नावं, किंवा त्यांची स्वतःची पिशवी भरलेली. यातली एक जरी नसेल, तर मिस्टरांनी कुपवाडला परतायची वाट मोकळी ठेवावी. जुन्या कंपनीतून भांडून निघू नये, एवढं आजच सांगून ठेवा. आणि जूनला गेलात तर आठवीच्या दिवाळीत तुम्ही चौघांनी बसून, मुलीलाही धरून, राहायचं की परतायचं हे ठरवायचं. ती तारीख आत्ताच कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

आज रात्रीच्या ड्यूटीला जाण्याआधी कपाटातलं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं प्रमाणपत्र काढा आणि नूतनीकरणाची तारीख बघा. उलटून गेली असेल तर पहिलं काम ते. मग त्या वहीत आठवी ओळ खोडून पहिल्या पानावर सगळ्यात वर लिहा.